बी.ऑप्टोम करून अमेरिकेत प्रॅक्टिस करता येते का?

ताई, तुमच्या भाचीचा बेत असा दिसतोय: इथे बी.ऑप्टोम, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शास्त्राची (ऑप्टोमेट्रीची) पदवी, करायची, मग अमेरिकेत जाऊन ‘बोर्डाची परीक्षा’ द्यायची आणि लगेच कामाला लागायचं. बी.ऑप्टोम जरूर करू दे. पण पुढचा रस्ता इतका सरळ नाही.

अमेरिकेत या कामाला ओ.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री, ही पदवी लागते. मुलं आधी कॉलेजची पदवी घेतात, ओएटी ही प्रवेश परीक्षा देतात आणि मग चार वर्षं ओ.डी. करतात. या शिक्षणासोबतच एनबीईओ या राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे तीन भाग द्यावे लागतात. पहिल्या भागात मूलभूत शास्त्रं, दुसऱ्यात तपासणी आणि उपचार, तर तिसऱ्यात प्रत्यक्ष कौशल्य. तिसऱ्यासाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात जावं लागतं. एवढं झाल्यावर लायसन्स देतं ते राज्य, आणि बहुतेक राज्यं तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजची ओ.डी. मागतात. आपली पदवी कितीही चांगली असली तरी गाडी इथेच अडते. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्रीसारख्या काही ठिकाणी परदेशी ऑप्टोमेट्रिस्टना कमी मुदतीत ओ.डी. करता येते. तिच्यासाठी वाट असलीच तर ती हीच, आणि ती स्वस्त नाही.

तुम्ही ‘बोर्ड सर्टिफाइड’बद्दल विचारलंय, ती वेगळी गोष्ट आहे. ते प्रमाणपत्र अमेरिकन बोर्ड ऑफ ऑप्टोमेट्री देतं, लायसन्स मिळाल्यानंतर, आणि ते ऐच्छिक असतं. ते नसलं म्हणून प्रॅक्टिस अडत नाही. एक वर्षाची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं जादा प्रशिक्षण, हीही अशीच, ज्याला हवी त्याने करावी. लायसन्स मात्र राज्यागणिक बदलतं: ओक्लाहोमात ऑप्टोमेट्रिस्टना काही लेझर उपचार करायला १९९८ पासून परवानगी आहे, पण बऱ्याच राज्यांत ती आजही नाही.

आता इथलं सांगते, कारण निर्णय आत्ता इथला घ्यायचाय. बी.ऑप्टोममध्ये आधी काही वर्षं वर्ग आणि प्रॅक्टिकल, शेवटचं वर्ष इंटर्नशिप. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रीला आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली, तोवर कोणीही पाटी लावून नंबर काढून द्यायचं. (अजूनही देतात, तो विषय नको.)

कॉलेज बघताना इमारत बघू नका, ओपीडी बघा. तिथल्या इंटर्नना विचारा की रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून हाताने नंबर काढणं) रोज स्वतः करता, की ऑटोरेफची, म्हणजे आपोआप नंबर काढणाऱ्या मशीनची, चिठ्ठी बघून लेन्स लावता? लहान मुलं येतात का? मशीनपुढे बसलेलं मूल जवळ बघितल्यासारखं डोळ्यावर ताण देतं आणि चिठ्ठीवर मायनस नंबर येतो. थेंब टाकून तो ताण काढला की कधी कधी त्याच डोळ्याला प्लस नंबर निघतो. हे ज्याने इंटर्नशिपमध्ये स्वतः पाहिलंय, तो पुढे मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. तिरळेपणा, आळशी डोळा, लो व्हिजन (चष्म्यानेही न सुधारणारी कमी नजर), केराटोकोनसच्या (बुबुळाचा पारदर्शक पडदा टोकदार होण्याच्या आजाराच्या) लेन्स हे सगळं मोठ्या नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या कॉलेजात बघायला मिळतं. चेन्नईचं एलिट स्कूल शंकर नेत्रालयाशी जोडलेलं आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचं आहे. मुंबई-पुण्यातही कॉलेजं आहेत, पण हेच प्रश्न तिथेही विचारा. इंटर्नशिप चष्म्याच्या दुकानात काढायला लावतात असं कळलं, तर माझ्या मते तो प्रवेश घेऊ नये.

परदेशातच जायचं असेल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचीही चौकशी करा. बाहेर शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टसाठी तिथे ओकॅन्झची, म्हणजे दोन्ही देशांच्या ऑप्टोमेट्री कौन्सिलची, परीक्षा असते. आणि कुठेही जायचं असो, पहिल्या वर्षापासून अभ्यासक्रमाची प्रत, विषयवार तासांचा तपशील आणि पाहिलेल्या रुग्णांची सही-शिक्क्याची लॉगबुकं जपून ठेवायला सांगा. पास झाल्यावर हे कागद कॉलेजातून मिळवणं फार कटकटीचं असतं.