वाचकांचे प्रश्न : दोष फ्रेमचा की बैठकीचा?

प्रश्न : अनेक वर्षे जाड टायरांची साधी पोलादी सायकल चालवल्यानंतर मी गेल्या वर्षी ॲल्युमिनियम फ्रेमची, २८ मिलिमीटर टायरांची सायकल घेतली. केरीमार्गे चोर्ला घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परतेपर्यंत हातांची बोटे बधिर होतात आणि कंबर भरून येते. सोबतचे सायकलस्वार म्हणतात की ॲल्युमिनियम ताठ असते, त्यामुळे सगळे धक्के अंगात येतात. ही सायकल विकून पोलादी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे वजन ६८ किलो असून दोन्ही टायरांत १०० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा असते. मी काय करावे? – एक वाचक, सांखळी

उत्तर : सायकल विकण्याची घाई करू नये. धातू म्हणून पाहिले तर पोलादच ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असते आणि वजनालाही तितकेच भारी असते. ॲल्युमिनियमची फ्रेम ताठ लागते ती नळ्यांच्या मोठ्या व्यासामुळे, कारण नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठपणा सुमारे आठपट होतो. बारीक नळ्यांची ॲल्युमिनियम फ्रेम चांगलीच लवते. पॅरिस–रुबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत १९८४ आणि १९८६ मध्ये जिंकणारे आयर्लंडचे शॉन केली त्या दशकात व्हितस कंपनीच्या अशाच लवचीक फ्रेमवर शर्यती जिंकत होते.

मात्र हे लवणे आडवे असते, उभे नव्हे. चढावर उभे राहून पायडल दाबले की क्रँकजवळचा (पायडलांच्या दांड्यांजवळचा) भाग किंचित बाजूला सरकतो, कधी चेन पुढच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) घासते, आणि दाब सुटताच फ्रेम पूर्ववत होताना त्या ऊर्जेचा बराचसा भाग परत मिळतो. खालून येणारा धक्का मात्र त्रिकोणी रचनेतल्या नळ्यांच्या लांबीच्या दिशेने जातो, म्हणून कोणत्याही धातूची फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी दबते. त्याच धक्क्याला टायर काही मिलिमीटर दबतो. आपल्या जुन्या सायकलचा मऊपणा प्रामुख्याने तिच्या जाड टायरांचा होता, आणि आताच्या टायरांत आपण गरजेपेक्षा बरीच जास्त हवा भरत आहात. मागे ७५ आणि पुढे ६८ पीएसआयच्या आसपास हवा ठेवून तोच रस्ता पुन्हा करून पाहावा. टायरच्या बाजूला छापलेली किमान आणि कमाल मर्यादा मात्र पाळावी. फ्रेम आणि फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात) जागा असेल तर ३२ मिलिमीटरचे टायर बसवावेत, आमच्या मते खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा.

बोटे बधिर होण्याचा संबंध बैठकीशी, म्हणजे सायकलवर बसण्याच्या ठेवणीशी अधिक आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये सीटवर बसल्यासारखे वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणल्यास क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माप ८२ सेंटिमीटर आले तर ती सुमारे ७२.४ होईल. हा आरंभबिंदू समजावा आणि पुढे पाच-पाच मिलिमीटरनेच बदल करावा. पायडल तळाशी असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सीट इतकी उंच असेल की कंबर डावी-उजवीकडे हलते, तर कंबर भरून येणारच.

त्यानंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराने पायडल मारत असताना तळवे हँडलपासून बोटभर वर उचलून पाहावेत. शरीर लगेच पुढे घसरले, तर सीटचे टोक खाली झुकलेले आहे किंवा सीट फार पुढे आहे, आणि धडाचे वजन पायांऐवजी हातांवर येत आहे. टोक समतल करून सीट थोडी मागे सरकवावी. सीट मागे घेतल्यावर पाय किंचित अधिक ताणले जातात, म्हणून उंची पुन्हा तपासावी. एवढ्यानेही हँडल दूर वाटले, तर दहा-वीस मिलिमीटरने आखूड स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) लावावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने बरे वाटले हे कळत नाही. हे सारे करूनही बधिरपणा टिकला, तर डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : वडिलांची जुनी पोलादी सायकल पुन्हा वापरात आणायची आहे. वापराने फ्रेम 'मऊ' पडते, असे ऐकले. ते खरे आहे काय? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. वापराने पोलादाचा ताठपणा कमी होत नाही. फ्रेम अचानक सैल वाटू लागली, तर चीर किंवा गंज शोधावा. किनाऱ्यावरची खारी हवा आणि पावसाळा यांमुळे ही भीती गोव्यात खरी आहे, कारण पाणी सीटच्या नळीतून उतरून क्रँकच्या खोबणीत साचते आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाही नळी आतून कुजत जाते. सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून सायकल उलटी करावी, जोडांजवळ रंगाला फुगे किंवा बारीक रेघ दिसते का ते उजेडात पाहावे, आणि फ्रेम सुस्थितीत असल्यास नळ्यांमध्ये तेल सोडून ती सगळीकडे फिरवावी.