ब्रेक ऑइल कमी झालंय ना? मग ते गेलं कुठे, ते आधी शोधा

तुम्ही लिहिलंय की गाडी सतरा-अठरा वर्षं जुनी आहे, ब्रेकचा लाल दिवा आधी फक्त वळणावर आणि ब्रेक दाबल्यावर लुकलुकायचा, मेकॅनिकने ऑइल टॉप-अप केल्यावर गेला, आणि आता दोनेक महिन्यांनी कायमचाच लागून राहिलाय. हँडब्रेक पूर्ण खाली आहे. ऑइलची पातळी ओळखणारा सेन्सर बदलावा का, असं विचारताय.

सेन्सर बदलू नका, आणि नुसतं टॉप-अप करून पुन्हा गाडी काढूही नका. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते बंद सर्किटमध्ये असतं. पातळी उतरली याचा अर्थ एक तर ब्रेक पॅड झिजलेत, नाही तर कुठून तरी गळतंय. टॉप-अपने दिवा विझतो, पण मूळ कारण तसंच राहतं.

गाडी हलवण्याआधी पेडल तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. पायाखाली ते हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) आतली सील गेली आहे किंवा बाहेर कुठेतरी दाब निसटतोय. स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. दोन्हीपैकी काहीही असेल तर गाडी टो करूनच न्या. याबाबत मी कुणालाही सवलत देत नाही.

पेडल टणक असेल तर पुढे. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागे मोकळी झालेली जागा ऑइल भरून काढतं, म्हणून टाकीतली पातळी उतरते. टाकीतला फ्लोट (ऑइलवर तरंगणारा भाग) धोक्याच्या रेषेजवळ आला की वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि दिवा क्षणभर लागतो. तुमचं लुकलुकणं तेच होतं. पण पॅडच्या झिजेने पातळी फार सावकाश उतरते, दोन महिन्यांत एवढी नाही. त्यामुळे पॅड बघाच, पण माझा संशय गळतीवर आहे.

सुरुवात मागच्या ड्रमपासून करा. जुन्या गाड्यांत व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक शू ढकलणारा भाग) गळण्याचं प्रमाण भरपूर, आणि ड्रम झाकलेला असल्याने बाहेरून पत्ता लागत नाही. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या दिसतील. छोट्या स्क्रूड्रायव्हरने टोपीची कड अलगद उचला. आत किंचित ओलसरपणा असला तर एक वेळ चालेल, पण कड उचलताच थेंब ओघळला तर सिलिंडर संपला. टोपीच्या बाहेर, खालच्या बाजूला ब्रेकची धूळ काळ्या चिखलासारखी चिकटलेली असेल, तर सिलिंडर गळतोयच, टोपी उचलायचीही गरज नाही. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर ओघळ असेल तर गळती बरीच पुढे गेली आहे.

तिथे कोरडं असेल तर मास्टर सिलिंडर बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणारा गोल डबा) जिथे जोडलेला असतो, तिथे खालून बोट फिरवा. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे बूस्टरचा रंग फुगलेला किंवा सोललेला दिसला की गळती तिथेच आहे असं समजायचं. कधीकधी ऑइल बाहेर न येता बूस्टरच्या आतच साठतं आणि जमिनीवर एक थेंब दिसत नाही. मग मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो जरा पुढे ओढून मागची बाजू बघावी लागते. चारही चाकांचे रबरी होज आणि लोखंडी पाइपवरचे गंजलेले भागही बघून घ्या. आणखी एक जागा बहुतेक जण विसरतात: तुमचा क्लच हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल, तर अनेक गाड्यांत त्याला ब्रेकच्याच टाकीतून ऑइल मिळतं. क्लच पेडलच्या वरचा भाग आणि गिअरबॉक्सजवळचा क्लच सिलिंडर ओला आहे का बघा.

पातळी वरच्या रेषेपर्यंत असून दिवा लागत असेल, तरच वायरिंगकडे वळा. टाकीच्या फ्लोट स्विचचा कनेक्टर काढा. बहुतेक गाड्यांत तो काढल्यावर दिवा विझला तर दोष फ्लोटमध्ये. जुना प्लॅस्टिकचा फ्लोट तडकतो, ऑइल पितो आणि बुडतो. विझला नाही तर हँडब्रेकच्या लिव्हरखालचा स्विच बघा, तो अडकून राहतो. लाल दिव्यासोबत एबीएसचाही (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. तेव्हा ब्रेकचा जोर मागच्या चाकांना वाटून देणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते, जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. ते स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही.

व्हील सिलिंडर गेलेला निघाला तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक गेला म्हणजे दुसऱ्याचंही वय तेवढंच आहे. ऑइलने भिजलेले ब्रेक शू धुऊन वापरू नका, ते कितीही पुसले तरी गाडी एका बाजूला ओढते. रबराच्या कुठल्याही भागाला पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस लावू नका. सील फुगतात आणि मग सगळंच बदलावं लागतं.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच आणि सीलबंद बाटलीतलं घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट ४ ही ऑइलची ग्रेड ताजी असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते, आणि लांब घाटउतारावर नेमका तिथेच ब्रेक दगा देतो. सिस्टिम उघडणारच आहात तर जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा, आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या क्रमानेच एकेका चाकाच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा. हवा काढताना टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

काम झाल्यावर टाकीवर मार्करने पातळीची रेघ आणि तारीख टाका. आठवडाभर रोज सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना बघा. रेघ सोडून ऑइल खाली आलं, तर दिवा लागायची वाट न बघता गाडी पुन्हा उघडायला घ्या.