नवीन ग्राफिक्स कार्डमधून गेम खेळताना चिरका आवाज येतो. कार्ड सदोष आहे का, आणि हा आवाज कमी कसा करावा?

तुम्ही लिहिले आहे की नवे कार्ड बसवल्यापासून गेम सुरू होताच कॅबिनेटमधून बारीक, चिरका आवाज येतो, गेम बंद केला की तो थांबतो, पंख्यांचा वेग बदलून पाहिला तरी फरक पडत नाही, आणि कोणीतरी तुम्हाला कॉइलवर गोंद लावण्याचा सल्ला दिला आहे. वर्णनावरून ही कॉइल व्हाइनच (कार्डावरील तारेच्या वेटोळ्यांच्या थरथरण्याचा आवाज) दिसते. हा आवाज कितीही त्रासदायक असला तरी तो कार्ड बिघडत चालल्याचे लक्षण मानला जात नाही. गोंद मात्र तूर्त बाजूला ठेवा. त्याआधी करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले बहुतेक फुकट आहे.

आवाज कुठून येतो हे कळले की उपाय आपोआप सुचतात, म्हणून आधी तेवढे सांगतो. पॉवर सप्लायकडून कार्डाला १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो, पण ग्राफिक्स चिपला लागतात जेमतेम १ व्होल्ट. हे रूपांतर कार्डावरच होते: मॉस्फेट नावाचे स्विच सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात, आणि त्यांच्या पुढे बसवलेले चोक, म्हणजे चुंबकीय गाभ्यातील तांब्याची वेटोळी, त्या तुटक प्रवाहाला सलग करतात. चिप ३०० वॅट खेचत असेल, तर १ व्होल्टला हा प्रवाह ३०० अँपिअरच्या घरात जातो, आणि तो दहा फेजमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी चालणाऱ्या दहा सारख्या शाखांमध्ये, वाटला तरी एकेका चोकच्या वाट्याला सुमारे ३० अँपिअर येतात. एवढा प्रवाह वरखाली होत असताना चुंबकीय बलामुळे वेटोळी थरथरते आणि गाभ्याची लांबीही अतिशय सूक्ष्म प्रमाणात बदलत राहते. विजेच्या रोहित्राचा गुणगुणाट बव्हंशी याच कारणाने होतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो १०० हर्ट्झला ऐकू येतो, कारण प्रत्येक आवर्तनात गाभ्यावर दोनदा ताण येतो. नाव कॉइलचे झाले असले तरी चिपभोवतीचे बारीक सिरॅमिक कपॅसिटरही यात सामील असतात, कारण त्यांतले बेरियम टायटेनेट व्होल्टेज बदलले की किंचित आकुंचन-प्रसरण पावते आणि सोल्डरने जखडलेल्या बोर्डाला आपल्याबरोबर हलवते. तंबोऱ्यात तारेच्या बारीक कंपनाला भोपळा जे करतो, तेच इथे बोर्ड आणि कॅबिनेटचा पत्रा करतात.

आता एक शंका येणे साहजिक आहे. माणसाचा कान २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढेच ऐकतो, मग सेकंदाला काही लाख वेळा होणारी उघडझाप ऐकू कशी येते? ती येत नाहीच. ऐकू येते ती चिपच्या कामाची लय. प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, काढताना चिप काही क्षण जोरात काम करते, काही क्षण कमी, आणि त्याप्रमाणे प्रवाह हेलकावतो. सेकंदाला १००० फ्रेम निघत असतील तर हा हेलकावा सेकंदाला १००० वेळा होतो, शिवाय त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेचे स्वर त्यात मिसळतात आणि नेमके २००० ते ५००० हर्ट्झच्या त्या पट्ट्यात जाऊन बसतात जिथे आपला कान सर्वांत तिखट असतो. म्हणूनच खुद्द खेळापेक्षा त्याच्या मेनूमध्ये हा आवाज जास्त बोचतो: पडद्यावर एक स्थिर चित्र आणि चार बटणे असतात, काढायला काहीच नसते, त्यामुळे कार्ड हजारभर फ्रेम भराभर काढत सुटते आणि शिट्टी वाजू लागते. ‘खेळ सुरू करा’ दाबून प्रत्यक्ष दृश्य आले की फ्रेम घटतात आणि त्याच क्षणी शिट्टीची पट्टी उतरून तिची किरकिर होते. काही कार्डे वेबपान सरकवतानाही चिवचिवतात. हलक्या कामात व्होल्टेजचे नियंत्रण करणारे मंडल वीज वाचवण्यासाठी काही फेज बंद ठेवते, मधले काही ठोके गाळते आणि तेवढ्याने त्याची लय ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरते.

उपायांकडे वळण्यापूर्वी आवाज खरोखर कार्डाचाच आहे याची खात्री करून घ्या. पंख्याचे बेअरिंग बिघडले असेल तर आवाज पंख्याच्या वेगाबरोबर हळूहळू चढतो-उतरतो. कॉइलचा आवाज दृश्य बदलताच, पापणी लवते न लवते तोच बदलतो. आजच्या अनेक कार्डांचे पंखे तापमान कमी असताना फिरतच नाहीत, त्यामुळे संगणक थंड असताना गेम सुरू केला तर पंखे फिरू लागेपर्यंत जे काही ऐकू येते, ते निखळ कॉइलचे असते. कार्ड की पॉवर सप्लाय, हे ओळखायला जाड कागदाची सुरळी पुरते. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून सुरळीचे एक तोंड कानाशी धरा आणि दुसरे आधी कार्डाच्या मागच्या कडेजवळ व मग पॉवर सप्लायच्या जाळीजवळ न्या. आत हात किंवा धातूची कोणतीही वस्तू घालू नका. मोबाइलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारे एखादे ॲप असेल तर अधिक चांगले. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमची संख्या, ६० वर बांधला असता पडद्यावर उभ्या रेषांची जी रांग दिसते, तीच १२० वर नेल्यावर विरळ झाली, तर आवाजाचा फ्रेमशी असलेला संबंध डोळ्यांना दिसतो. हाच चिरका स्वर तुम्हाला हेडफोनमधून ऐकू येत असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे. तिथे विजेचा गोंगाट ध्वनीच्या मंडलात शिरत असतो आणि त्यावर बाहेरून यूएसबीने जोडायचे ध्वनियंत्र हा सरळ उपाय ठरतो. खाली लिहिलेल्या गोष्टींचा तिथे फारसा उपयोग नाही.

पहिला आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे फ्रेम रेटला मर्यादा घालणे. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा (हाच त्याचा रिफ्रेश रेट), असेल तर सेकंदाला ४०० फ्रेम काढून कार्ड वीज आणि तुमची शांतता दोन्ही खर्च करते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये थ्री-डी सेटिंग्जखाली ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रेडिऑन चिल’ आहे, आणि बहुतेक गेममध्ये त्यांची स्वतःची मर्यादाही असते. मॉनिटरला बदलत्या रिफ्रेश रेटची सोय असेल तर आकडा रिफ्रेश रेटच्या किंचित खाली ठेवावा, जसे १४४ साठी १३८ ते १४१. म्हणजे चित्र फाटत नाही आणि व्ही-सिंकमुळे (फ्रेमना मॉनिटरच्या लयीशी बांधणाऱ्या सेटिंगमुळे) येणारा विलंबही टळतो. ही मर्यादा ड्रायव्हरमध्येच, म्हणजे एनव्हिडिया किंवा एएमडीच्या वरील सॉफ्टवेअरमध्येच, घालावी असा माझा आग्रह आहे, कारण काही गेमची आतली मर्यादा मेनूला किंवा लोडिंगच्या पडद्याला लागूच होत नाही, आणि शिट्टी सर्वांत मोठी असते ती तिथेच. आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. बोर्डाला स्वतःची काही ठरावीक कंपने आवडतात, त्यामुळे १२० ला किरकिरणारे कार्ड ११२ ला जवळजवळ गप्प बसू शकते. आकडा थोडाथोडा सरकवून कानाने निवडणे यात अशास्त्रीय काही नाही. स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांना मर्यादा नकोशी वाटते, कारण जास्त फ्रेम म्हणजे कमी विलंब, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. त्यांनी निदान मेनूपुरती आणि मागे पडलेल्या खिडकीपुरती मर्यादा घालावी.

मर्यादा घालूनही जड दृश्यांत आवाज राहिला, तर प्रवाह कमी करायचा, आणि त्यासाठी चिपला कमी व्होल्टेज द्यायचे, म्हणजेच अंडरव्होल्टिंग. चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तोच क्लॉक, म्हणजे चिपच्या कामाचा तोच वेग, १.०५ व्होल्टऐवजी ०.९० व्होल्टवर चालवता आला तर ०.९० भागिले १.०५ याचा वर्ग ०.७३ येतो, म्हणजे चिपचा हा खर्च जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. एनव्हिडियाच्या कार्डांवर हे करण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाच्या सेटिंग्ज बदलण्याचे सॉफ्टवेअर उघडून कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबली की व्होल्टेज आणि क्लॉकचा आलेख येतो, त्यात ०.९० व्होल्टचा बिंदू हव्या त्या क्लॉकपर्यंत उचलायचा आणि त्यापुढची रेषा सपाट करायची. एएमडीच्या कार्डांसाठी ही सोय त्यांच्या ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. किती खाली जाता येईल हे प्रत्येक चिपवर अवलंबून असते, एकाच मॉडेलच्या दोन कार्डांतही ते सारखे नसते. म्हणून एका वेळी थोडेच उतरावे आणि जड गेम बराच वेळ चालवून पाहावा. गेम आपोआप बंद पडला किंवा चित्रात ठिपके दिसू लागले तर एक पायरी मागे यावे. एवढी खटपट नको असेल तर त्याच आफ्टरबर्नरमध्ये ‘पॉवर लिमिट’ची पट्टी ८० टक्क्यांवर आणा. फ्रेममध्ये होणारी घट सहसा विजेतल्या घटीपेक्षा बरीच कमी असते. तापमान आणि पंख्यांचा आवाज कमी होतो तो वेगळाच, त्यामुळे कॉइल गप्प असली तरी मी हा बदल सुचवेन.

पॉवर सप्लाय बदलल्याने आवाज गेला, असे सांगणारे भेटतात आणि काहीच फरक पडला नाही असे सांगणारेही. दोन्ही शक्य आहे, कारण पुरवठ्यातील लहरींचा कार्डावरील मंडलांवर परिणाम होतो, पण थरथरणारे चोक तर तेच राहतात. ओळखीच्या कोणाचा चांगला पॉवर सप्लाय तात्पुरता मिळत असेल तर जरूर लावून पाहा, फक्त केबल त्याच्याच वापरा. एका कंपनीच्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) केबल दुसऱ्या पॉवर सप्लायला लावल्यास कार्ड जळू शकते. केवळ या आवाजासाठी नवा विकत घेणे मला पटत नाही.

कॅबिनेटच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. उंच पट्टीचा आवाज अडथळा ओलांडून वळत नाही, तो सरळ रेषेत जातो. टेबलावर कानाशेजारी, काचेची बाजू तुमच्याकडे करून ठेवलेले कॅबिनेट खाली, टेबलाच्या पायापलीकडे ठेवले तरी लक्षात येण्याइतका फरक पडतो. समोरचे पॅनेल पूर्ण जाळीचे असेल तर आवाजाला वाट मोकळी मिळते. पण म्हणून जाळीवर फोम चिकटवू नका, हवा अडली की पंखे वेगाने फिरतील आणि एका आवाजाच्या जागी दुसरा येईल.

आता गोंद. जुन्या बोर्डांवर चोकची वेटोळी उघडी दिसत असे, तेव्हा तिला चिकटवून जखडण्यात अर्थ होता. आजच्या बहुतेक कार्डांवरील चोक बंदिस्त ठोकळे असतात, त्यामुळे बाहेरून लावलेला गोंद आतल्या वेटोळीपर्यंत पोहोचतच नाही. ग्लू-गनचा गोंद तापलेल्या चोकवर मऊ पडतो, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते, जे तांब्याला खाते. शिवाय कार्डाचा हीटसिंक काढावा लागतो, चोकवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) परत नीट बसतील याची खात्री नसते आणि वॉरंटीचा वाद ओढवून घेतला जातो तो वेगळाच. वॉरंटी संपलेल्या, उघड्या वेटोळीच्या एखाद्या जुन्या कार्डावर, इलेक्ट्रॉनिक्ससाठीच बनवलेले वीज-अवाहक इपॉक्सी वापरून कोणी प्रयोग करणार असेल तर माझी हरकत नाही. तुमच्या नव्या कार्डावर मात्र ते करू नका. रात्रभर कार्ड पूर्ण ताणावर चालवले की आवाज ‘बसतो’ असेही सांगितले जाते. त्यावर माझा फारसा भरवसा नाही, कारण दरम्यान आपल्या कानाला सवय होते आणि श्रेय कार्डाला मिळते.

कार्ड परत करायचे की ठेवायचे, हा निर्णय परतीची मुदत संपण्याच्या आत घ्या. कॉइल व्हाइनला बहुतेक उत्पादक वॉरंटीखालील दोष मानत नाहीत, त्यामुळे ती मुदत उलटल्यावर तुमच्या हाती फारसे काही उरत नाही. निर्णय घेताना कॅबिनेट बंद असू द्या, फ्रेमची मर्यादा घातलेली असू द्या आणि तुम्ही नेहमी बसता त्याच जागी बसून ऐका. उघड्या कॅबिनेटला कान लावला तर जवळजवळ प्रत्येक ताकदवान कार्ड काहीतरी बोलते. घरातील तरुण मंडळींनाही ऐकवा, कारण वयाबरोबर उंच स्वर ऐकण्याची क्षमता कमी होते आणि जे एकाला असह्य वाटते ते दुसऱ्याला ऐकूही येत नाही. विक्रेत्याला दाखवण्यासाठी चित्रफीत करायची असेल तर मोबाइल साधारण एक मीटरवर ठेवा, पडद्यावरचा फ्रेमचा आकडा दिसू द्या आणि तेच दृश्य मर्यादेसह व मर्यादेविना अशा दोन्ही प्रकारे टिपा. बदलून मिळणारे कार्ड त्याच मॉडेलचे असेल तर ते शांत निघेलच असे नाही, कारण एकाच मॉडेलमध्येही चोकचा पुरवठादार आणि जोडणीतील ताण बदलू शकतो. म्हणून निवड तुमच्या हाती असेल तर बदलीऐवजी पैसे परत मागा आणि त्याच कामाला पुरेल असे, पण कमी वॅटचे दुसरे कार्ड पाहा.