काकडीची पानं पिवळी पडतायत? दुकानात जायच्या आधी पान उलटं करून बघा

शेतकरी बंधूंनो, खेड, शिरूर, जुन्नरकडून सध्या एकच प्रश्न येतोय, काकडी महिन्याची झाली, पानं पिवळी पडतायत, दुकानदाराने टॉनिक, मायक्रोन्यूट्रियंट आणि बुरशीनाशक एकाच पंपात मारायला सांगितलंय, मारू का? नका मारू. पिवळेपणा खालून सुरू झालाय का शेंड्याकडून ते आधी बघा, औषध त्यावर ठरतं.

सकाळी दव असतानाच प्लॉटमध्ये जा आणि खालचं पान उलटं करा. वरून पिवळे, शिरांच्या मधे अडकलेले कोनाकोनाचे डाग आणि मागे करडी-जांभळट लव दिसली तर तो केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू रोग. ढगाळ हवेत झपाट्याने सगळा प्लॉट धरतो. डाग नुकते दिसत असतील तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला 2.5 ग्रॅम, पान मागून भिजलं पाहिजे, नुसतं वरून मारून काही होत नाही. जोर जास्त असेल तर सायमोक्सॅनिल अधिक मॅन्कोझेबचं तयार मिश्रण घ्या, डोस लेबलवर आहे तेवढाच, आणि दर वेळी तेच औषध नको.

लव नाही, खालच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 5 ग्रॅम फवारा, आठ दिवसांनी परत एकदा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. चुनखडीच्या रानात लोह असूनही मुळाला मिळत नाही, तिथे फेरस सल्फेट जमिनीत टाकून पैसे घालवू नका, ईडीडीएचए चिलेट, म्हणजे अशा रानातही मुळाला घेता येणारं लोह, ड्रीपमधून सोडा.

आणि पाणी! शिरूरकडच्या एका प्लॉटवर गेलो तर चार फवारण्या झालेल्या, पानांच्या कडा पापडासारख्या करपलेल्या, मी मल्चिंग पेपर उचलून माती मुठीत दाबली तर बोटांमधून पाणी निथळलं, मुळं तपकिरी, वास येत होता. रोग नव्हताच, रोज दोन तास ड्रीप चालू होतं. पाणी तोडलं, दहा-बारा दिवसात शेंडा हिरवा निघाला. पेपरखालचं पाणी दिसत नाही म्हणून हात घालून बघायचं, ड्रीपचा टायमर बघून नाही.

पानं आखडली, हिरवी-पिवळी चट्टेरी झाली तर व्हायरस. व्हायरसला औषध नाही, कोणी बाटली दाखवली तरी घेऊ नका. झाड उपटून गाडा आणि मावा, पांढरी माशी आवरा, पिवळे चिकट सापळे लावा.

आता परत सांगतो, दुकानदाराने तुमचं रान बघितलेलं नाही. चार औषधं एकत्र करू नका. डोस दुप्पट केल्याने रोग लवकर जात नाही, पान जळतं. गंधक तर काकडीवर भर उन्हात अजिबात नको. काकडीचं फूल सकाळी उघडतं, मधमाशी तेव्हाच येते, त्यामुळे कीटकनाशक संध्याकाळीच, नाहीतर माशी मरते आणि माल वाकडा निघतो, मग मार्केट यार्डात भाव पडतो म्हणून ओरडायचं. तोडा चालू असेल तर लेबलवरचे थांबायचे दिवस पाळा, ती काकडी लोक कच्ची खातात. बिल पक्कं घ्या.

ज्यांची काकडी अजून जमिनीवर लोळतेय त्यांनी ताटी कराच. बांबू, तार, सुतळी एवढंच लागतं. हवा खेळते, पान लवकर सुकतं, केवडा तिथेच कमी होतो, फवारा पण पानाच्या मागे पोचतो. जमिनीला टेकलेली जुनी पानं काढून प्लॉटच्या बाहेर टाका, बांधावर नको. हे मी दर वर्षी सांगतो, जे करतात त्यांच्या फवारण्या कमी होतात.

ड्रीप, मल्चिंगच्या अनुदानाला सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, खरेदी पूर्वसंमती आल्यावरच. माती-पाणी तपासायला कृषी विज्ञान केंद्र नारायणगाव किंवा बारामती.

फोटो पाठवाल तेव्हा पानाची मागची बाजू, शेंडा आणि मुळाजवळची माती असे तीन पाठवा, आणि आजपर्यंत काय काय मारलंय ते खरं खरं लिहा.