एप्रिलमधली बालवाडी : तुमची पत्रं, माझी उत्तरं

सुट्टी तोंडावर आली की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. बहुतेकांचा प्रश्न घुमूनफिरून एकच असतो : वर्षभरात मूल काय शिकलं हे ओळखायचं कसं आणि दाखवायचं कसं? माझी उभी हयात मोठ्या शिशुवर्गात गेली, त्यामुळे या प्रश्नावर मला थोडक्यात बोलता येत नाही. यंदा चारच पत्रं घेतली आहेत.

मुलगा पावणेसहा वर्षांचा आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो, पण ३ काढायला सांगितला की ६ काढतो. काही अक्षरंही उलटी काढतो. शेजारची त्याच्याच वर्गातली मुलगी छोटी वाक्यं लिहिते. सुट्टीत लेखनाचा क्लास लावू का? – एक आई, चिंचवड

ताई, क्लास लावू नका. आधी त्या ३ आणि ६ चं सांगते. देवनागरीत हे दोन अंक एकमेकांसमोर आरसा धरल्यासारखे आहेत, तेव्हा मुलं इथे अडखळणारच. जन्मल्यापासून मूल शिकत आलेलं असतं की कपाचा कान डावीकडे असो नाहीतर उजवीकडे, कप तो कपच. दिशा बदलली की नाव बदलतं असं त्याला पहिल्यांदा भेटतं ते अंकांत आणि अक्षरांत. हे अंगवळणी पडायला बहुतेक मुलांना सातवं वर्ष उजाडतं. त्यातून आपली मुलं एकाच वेळी दोन प्रकारचे अंक शिकतात. मराठी १ त्यांना इंग्रजी नऊसारखा दिसतो, तोही घोळ असतोच. वहीत लाल फुली मारू नका. ताटात रवा पसरा, ३ कुठून सुरू होतो तिथे एक ठिपका द्या आणि बोटाने गिरवू द्या. हातापेक्षा खांदा आणि दंड फिरला तर वळण जास्त लक्षात राहतं, म्हणून अंगणातल्या भिंतीवर ओल्या ब्रशने मोठाले अंक काढू दे. वाळून गेले की पुन्हा काढेल.

शंभरपर्यंत म्हणता येणं ही पाठांतराची गोष्ट आहे. मोजता येतं का ते वेगळं पाहावं लागतं. समोर मूठभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, "मला सात दे." काही मुलं एक, दोन, तीन करत सगळे चिंचोके संपेपर्यंत देतच राहतात. सातावर थांबला तर तेच सात चिंचोके त्याच्यासमोर लांब लांब पसरा आणि विचारा, "आता किती?" न मोजता "सातच" म्हणाला, तर त्याला संख्या कळली आहे. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला तरी घाबरू नका. सुट्टीभर जेवणाच्या वेळी ताटं मांडणं आणि माणशी एक वाटी ठेवणं हे काम त्याच्याकडे द्या.

आता हात. लेखनाचा क्लास म्हणजे पेन्सिल, आणि पेन्सिल धरायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत जोर हवा. तो भुईमुगाच्या शेंगा सोलून येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शेंग सोलताना नीट बघा. आधी मुठीत धरून चेपायला जातो, मग दात लावतो. मग कधीतरी त्याला उमगतं की चोचीकडचं टोक दोन बोटांत दाबलं की शेंग कट्कन उकलते. मग अंगठ्याने टरफल दुभंगतो, दाणे वाटीत आणि टरफलं सुपात टाकतो. वाटीभर शेंगा झाल्या की बोटं दुखली म्हणतो. ते दुखणं लेखनाच्या उपयोगाचं आहे. लसूण सोलणं, कणकेचा गोळा मळणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, ओलं फडकं पिळणं ही त्याच जातीची कामं. दोन महिने हे करा आणि जूनमध्ये पेन्सिल हातात द्या.

शेजारच्या मुलीचं म्हणाल, तर आधी दोघांच्या जन्मतारखा पाहा. आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण असावी लागतात, म्हणजे एकाच बाकावर जवळजवळ वर्षाचं अंतर असलेली दोन मुलं बसू शकतात. या वयात सहा महिनेसुद्धा फार होतात. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी त्यात एकत्र येतात. लिहिणं पक्कं व्हायला दुसरी संपेपर्यंत हक्काचा वेळ आहे. तो त्याला मिळू द्या.

मी एका खासगी बालवाडीत शिकवते. यंदा मोठ्या गटाचा पदवीदान समारंभ ठरला आहे : भाड्याचे काळे झगे, टोप्या, वर प्रत्येक गटाचा नाच. खर्च पालकांकडून. मार्चपासून सराव चालू आहे आणि वर्गातलं बाकी सगळं थांबलंय. मुलं रडकुंडीला येतात. संस्थाचालकांना दुसरं काय सुचवू? – एक शिक्षिका, सांगली जिल्हा

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मन खंतावलं. मार्च-एप्रिल हा बालवाडीचा सुगीचा काळ. वर्षभर जे पेरलं ते याच दिवसांत वर येतं. मुलं आपणहून गोष्टी जुळवायला लागतात, भांडणं आपापसांत मिटवतात, एखादं काम अर्धा तास न उठता करतात. नेमक्या त्याच वेळी त्यांना रांगेत उभं करून एकच हात वर, एकच हात खाली करायला लावायचं, तेही सांगलीच्या उन्हात, काळ्या कापडात. हे थांबायला हवं आणि ते तुम्हीच सांगू शकता.

संस्थाचालकांना नुसतं 'नको' सांगितलं तर ते ऐकणार नाहीत. त्यांना पालक खूश व्हायला हवे असतात आणि त्यात गैर काही नाही. म्हणून त्यांच्यापुढे असं मांडा : मंचावर पालकाला आपलं मूल दोन मिनिटं दिसतं, तेही मागच्या रांगेत असलं तर डोकंच. त्याऐवजी प्रत्येक पालकाला आपल्या मुलाबरोबर वर्गात निवांत अर्धा तास मिळेल. खर्च कैऱ्यांचा आणि गुळाचा.

आम्ही वर्षाअखेरीला पन्ह्याचा दिवस करायचो. तो कसा चालायचा ते सविस्तर सांगते, कारण त्यात सगळा अभ्यासक्रम येतो.

कैऱ्या मावशींनी सकाळीच उकडून गार करून ठेवायच्या. आदल्या दिवशी मुलांनी त्या धुतलेल्या असतात, लहानमोठ्या लावलेल्या असतात आणि हाताने जोखून कुठली जड ते ठरवलेलं असतं. उकडलेल्या कैरीची साल मुलांच्या हाताने सहज निघते. मग गर कोयीपासून पिळून काढायचा. काही मुलांना तो बुळबुळीत स्पर्श नको असतो, त्यांना चमचा द्यायचा, जबरदस्ती नाही. एक वाटी गराला दोन वाट्या चिरलेला गूळ. हे माप फळ्यावर चित्राने काढून ठेवायचं : एक पिवळी वाटी, दोन तांबड्या. चार वाट्या गर निघाला तर गूळ किती, हे मुलं वाट्या मांडून काढतात. कुणी आठ म्हणतं, कुणी सहा म्हणतं, वाद होतो. बाईंनी त्या वादात पडायचं नाही. मीठ आणि वेलचीची पूड मावशींच्या हाताने.

मग तांब्या आणि पेले. "एका तांब्यात किती पेले भरतील?" आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, मग ओतून बघायचं. इथे सांडतं. सांडलं की कोपऱ्यातलं फडकं घ्यायचं आणि पुसायचं, हे जूनपासून शिकवलेलं असतं, म्हणून कुणी रडत नाही आणि कुणी चुगली करत नाही. एप्रिलमधली बालवाडी बघायची असेल तर हे पुसणं बघावं.

पालक आले की मूल स्वतः त्यांना सतरंजीवर बसवतं आणि पेला हातात देतं. पालकांना एकच काम सांगून ठेवायचं : "कसं केलंस?" एवढं विचारा आणि गप्प बसा. मूल सांगतं, "आधी कैरी उकडली, मग साल काढली, मग गर... नाही, आधी गार केली." स्वतःचं वाक्य मध्येच थांबवून क्रम दुरुस्त करणारं मूल पहिलीला तयार आहे. हे कुठल्याही प्रगतिपुस्तकात लिहून कळत नाही, समोर बसून ऐकलं की बापालाही कळतं.

त्यानंतर चित्रांची पिशवी. जूनपासून दर महिन्याला 'माणूस काढ' असं सांगून एकेक चित्र घ्यायचं आणि मागे तारीख टाकायची. जूनमधल्या माणसाच्या डोक्यालाच पाय फुटलेले असतात. दिवाळीपर्यंत पोट येतं. मार्चमध्ये मान, बोटं, शर्टाची बटणं, कधी आईच्या कपाळावरची टिकली. यंदा तुमच्याकडे महिन्या-महिन्याची चित्रं नसतील तर वर्षभरातली असतील ती काढा. ती मुलालाच जमिनीवर क्रमाने लावू द्या. जूनचं चित्र बघून मुलं म्हणतात, "याला मानच नाही!" आणि जी हसतात! आपण वाढलो हे त्यांचं त्यांना दिसलेलं असतं. मला तरी यापुढे झगा आणि टोपी आठवतसुद्धा नाही.

कोयीही टाकू नका. उकडलेल्या कैरीची कोय रुजेल का, असं मुलांनाच विचारा. मग एका कुंडीत ती लावा आणि शेजारच्या कुंडीत पिकल्या आंब्याची लावा. मावशी सुट्टीत पाणी घालतील. पहिलीत गेलेली मुलं जूनमध्ये उत्तर बघायला बालवाडीत येतील.

व्यवस्थेचं थोडं. सकाळी आठ ते दहा, ऊन चढायच्या आत. एकदम सगळे नकोत, आठ-दहा पालकांचा गट करा आणि दोन-तीन दिवसांत वाटून घ्या, म्हणजे कारखान्यातली पाळी आणि शेतातलं काम सांभाळून लोकांना येता येतं. ज्याच्या घरून कुणीच येणार नाही त्याची सोय आदल्या दिवशीच करा : आजी, शेजारीण, नाहीतर मावशी. ऐन वेळी ते मूल दाराकडे बघत बसता कामा नये. गाणी हवीतच, पण वर्षभर म्हटलेली, जिथे बसलो आहोत तिथेच.

संस्थेत कुणी 'हे फार साधं वाटतं' म्हणालं तर त्यांना पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावाचं सांगा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं त्या गावात परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महाराष्ट्रातल्या बालशिक्षणाचा वारसा हा आहे, आणि तो खर्चिक नाही म्हणून कमी प्रतीचा नाही.

नात इंग्रजी माध्यमाच्या छोट्या गटात आहे. प्रगतिपुस्तकात 'वर्गात बोलत नाही' असा शेरा आला. घरी तिची टकळी अखंड चालू असते. वर्ष वाया गेलं का? – एक आजोबा, नाशिक

आजोबा, नमस्कार. वाया गेलेलं नाही. घरची भाषा एक आणि वर्गातली दुसरी असली की बरीच मुलं कित्येक महिने फक्त ऐकतात. बाईंना एवढंच विचारा : पाण्याची बाटली आण, चपला जागेवर ठेव, असं इंग्रजीत सांगितलेलं ती करते का? करत असेल तर भाषा आत चालली आहे. तिने मराठीत उत्तर दिलं तरी चालेल अशी विनंतीही करा, बहुतेक बाई मान्य करतात. घरीही मागून हाक मारल्यावर वळत नसेल किंवा टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर कान तपासून घ्या.

तुमच्याकडून एक हवं. रोज रात्री मराठीतून गोष्ट सांगा, आणि मध्येच थांबून "मग काय झालं असेल?" असं विचारा. ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट रचता येते त्याला दुसरी भाषा जड जात नाही. पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणायला लावणं मात्र आजपासून बंद.

मी अंगणवाडी सेविका आहे. एप्रिलच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात आया विचारतात, 'घरी काय करून घेऊ?' बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही. – नंदुरबार जिल्हा

ताई, तुमच्या आयांना अक्षरं शिकवायला सांगू नका. त्यामुळे 'आपल्याला येत नाही' एवढंच त्यांच्या मनात बसतं. सध्या तुमच्याकडे पहाटे मोहाची फुलं वेचायला जात असतील. मुलाला छोटी टोपली वेगळी द्यायला सांगा. घरी आल्यावर कुणाची टोपली जास्त भरली, किती ओंजळी निघाल्या, काडीकचरा वेगळा कर, वाळत घालताना ओळी कर : तुलना, मोजणी, वर्गीकरण सगळं त्यात झालं. बोलायचं ते घरच्याच भाषेत, भिली असो की पावरी. आईच्या भाषेतली गाणी मेळाव्यात तिलाच म्हणायला सांगा, म्हणजे मूल बघेल की शाळेत आपल्या आईचंही ऐकून घेतात.

जूनमध्ये दुसरा मेळावा होईल. एप्रिलच्या मेळाव्यात ज्या टेबलांवर मुलांची तयारी पाहून नोंदवलीत, त्याच टेबलांवर तेव्हा त्याच मुलांना पुन्हा न्या आणि एप्रिलची नोंद आईला वाचून दाखवा. मधल्या दोन महिन्यांत काय बदललं ते आधी तिला सांगू द्या, मग तुम्ही बोला.

पुढच्या अंकात पहिलीतल्या पहिल्या महिन्याबद्दलची पत्रं घेणार आहे. डब्याचे, रडण्याचे, दप्तराच्या ओझ्याचे प्रश्न आत्तापासून पाठवलेत तरी चालतील. पत्रात मुलाचं वय वर्षं-महिन्यांत जरूर लिहा, त्याशिवाय नेमकं उत्तर देता येत नाही.