शाफ्टवरून प्रोपेलर निघत नाहीये, काय करू?

प्रश्न : बोट बाहेर काढलीये, प्रोपेलरचे दोन्ही नट खोलले पण तो जागचा हलत नाही. मागून हातोडा मारून काढला तर चालेल का?

उत्तर : नका हो मारू! शाफ्टला निमुळता टेपर असतो, नट आवळला की प्रोपेलर त्यावर घट्ट बसतो, आणि वर खाऱ्या पाण्याचा गंज आणि क्षार, त्यामुळे तो असा चिकटतो. हातोड्याचा दणका थेट शाफ्टमधून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, शिवाय पाती वाकतात, मग खर्च कितीतरी वाढतो.

आधी इंजिनची चावी काढून ठेवा, आणि एक नट परत दोन-तीन आटे चढवून ठेवा, हे अजिबात विसरू नका, कारण प्रोपेलर सुटतो तेव्हा धाडकन उडतो, नट असला की तिथेच अडकतो. मग पुलर (ओढून काढायचं साधन) लावा, पण तो हबला, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या गोल भागाला, धरून ओढणारा हवा, पात्यांना नाही. पुलरचा बोल्ट आवळून ताण द्या, पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेल्या फटीत झिरपणारं तेल) मारा आणि तसंच थोडा वेळ राहू द्या, घाई नको. बहुतेक वेळा एवढ्यात निघतो.

नाहीच निघाला तर ताण असतानाच हबला सगळीकडून सारखी उष्णता द्या, म्हणजे हब प्रसरण पावतो (आधी ऑइल नीट पुसून घ्या, पेट घेईल). फक्त ज्योत रबरी बेअरिंगपासून लांब ठेवा, तिथे ओलं फडकं गुंडाळा.

निघाल्यावर शाफ्टच्या खाचेतली चावी (इंजिनची नव्हे, प्रोपेलर शाफ्टवर फिरू नये म्हणून बसवलेली धातूची छोटी पट्टी) जपून ठेवा, आणि परत बसवताना कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची, टोकं वाकवायची पिन) नवीनच घाला.