एप्रिलमध्ये ही ‘तिसरी-दोन’ नसेल

प्रिय ‘हुरहूर’,

जपानमधल्या लहानशा गावात, एजन्सीमार्फत, प्राथमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून तुझं दुसरं वर्ष संपत आलंय. मार्चअखेर करार संपला की साताऱ्याला परतायचं, आणि पोरांचा असा लळा लागलाय की रात्र रात्र झोप येत नाही. ‘तिसरी-दोन’मधली, म्हणजे तिसरीच्या दुसऱ्या तुकडीतली, एक मुलगी तर सतत तुझ्या मागे-मागे असते. तिला तू ‘परत येईन’ असं सांगून बसलीस, आणि आता ‘लाइन’ या चॅट-ॲपचा आयडी द्यावा का, असं विचारतेस.

लळा लागला यात गैर काहीच नाही. बाईंची माया कळते म्हणूनच पोरं परक्या भाषेत तोंड उघडतात. पण शिक्षकांच्या खोलीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘तिथे कुणाशी बोलताच येत नाही’, आणि निम्मं दुखणं मला तिथेच दिसतं. गावच्या कोमिनकानमध्ये, म्हणजे सार्वजनिक समाजकेंद्रात, स्वयंसेवकांचे जपानीचे वर्ग चालतात का, ते विचार. मोठ्यांशी चार शब्द बोलता आले की सगळा जीव पोरांवर टांगलेला राहत नाही.

आयडी देऊ नकोस. विद्यार्थ्यांशी खासगी संपर्क बहुतेक ठिकाणी शाळेला चालत नाही. शिवाय नऊ वर्षांचं पोर उत्तराची वाट बघतं. तू इकडे नोकरी शोधण्यात गुंतलीस आणि चार दिवस उत्तर गेलं नाही, की ते तिला लागणार.

‘परत येईन’ मात्र आताच दुरुस्त कर, पण आधी उपमुख्याध्यापकांना विचार. जपानी शाळांत बदल्या आणि निरोप अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत मुलांना सांगत नाहीत. परवानगी मिळाली की आधी तिच्या वर्गशिक्षकांशी बोल आणि ते समोर असताना तिला सांग: ‘मी मार्चपर्यंत इथे आहे. मग भारतात घरी जाणार. शाळेला पत्र पाठवीन.’ ‘बघू’, ‘कदाचित’ असले शब्द नकोत, पोरं त्याचा अर्थ ‘हो’ असाच घेतात.

तिला दूर लोटू नकोस, घोळक्यात घे. हिवाळ्यात दोरीउड्यांचा हंगाम असतोच. सकाळच्या मोठ्या सुट्टीत लांब दोरीचं एक टोक तू धर, दुसरं तिच्या हाती दे. दोरी फिरवताना तुमच्यात पाच-सात हात अंतर राहतं आणि मध्ये वर्गातली दहा पोरं उड्या मारत असतात. ती तुझ्याबरोबरच असते, पण तिला इतरांच्या नजरेला नजर द्यावी लागते. मांडीवर बसणं, पाठीवर घेणं आता बंद, टाळी द्यायला हरकत नाही. दुपारचं जेवणही रोज त्याच वर्गात नको. पाळीने सगळ्या वर्गांत जेव, बाकीची पोरं बरोबर मोजत असतात.

आता निरोप. 2020 पासून तिसरी-चौथीला परदेशी भाषेच्या वर्षाला 35 तासिका आहेत, पाचवी-सहावीला 70. म्हणजे तिसरीची पोरं आठवड्यातून जेमतेम एकदा, 45 मिनिटं भेटतात. दोन आठवडे आधी सांगितलंस तर हाती दोनच तास उरतात, त्याहून उशीर नको. सहावी ही तिथल्या प्राथमिक शाळेची शेवटची इयत्ता, तिचा निरोप समारंभ बहुतेक ठिकाणी इतरांच्या सत्रसमाप्तीआधी होतो. त्यांचा शेवटचा तास वेळापत्रकात आजच बघून ठेव, नाहीतर ऐनवेळी तोच हुकतो. शेवटच्या तासाला अर्धा तास नेहमीसारखं शिकव, पंधरा मिनिटं निरोपाला ठेव. डोळे भरून आले तर येऊ देत, पण हुंदके आवरत नसतील तर वर्गशिक्षकांना पुढे कर. आपणच बाईंची समजूत काढायची, हे ओझं पोरांवर नको.

भेट सगळ्यांना एकसारखी दे, आणि खाऊ नको, कारण कुणाला कशाची ॲलर्जी असेल सांगता येत नाही. पोस्टकार्डावर प्रत्येकाचं नाव देवनागरीत लिहून दे. नावं काताकानात, म्हणजे उच्चारानुसार लिहायच्या जपानी लिपीत, लिहिलेल्या यादीवरूनच घे आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ: युकी वेगळी, यूकी वेगळा. नाव चुकलेलं कार्ड देण्यापेक्षा न दिलेलं बरं. पोरांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नकोस, पाठमोरेसुद्धा नकोत.

पत्राचा शब्द दिलास की तो पाळायचा. एप्रिलमध्ये जपानी शाळांचं नवं वर्ष सुरू होतं, मुलं वरच्या इयत्तेत जातात, शिक्षक बदलतात, पुष्कळ शाळांत तुकड्याही नव्याने पाडतात. ‘तिसरी-दोन’च्या नावाने धाडलेलं पत्र मे महिन्यात भलत्याच पोरांच्या हाती पडेल. म्हणून पत्ता शाळेचा आणि मुख्याध्यापकांचा घाल, मजकूर सगळ्या मुलांसाठी लिही, अक्षरं हिरागाना या सोप्या जपानी लिपीत, म्हणजे पहिलीतलंही पोर वाचेल. त्या मुलीचं नाव त्यात वेगळं काढू नकोस. पहिलं पत्र मेमध्ये पाठव, दुसरं नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं. ते डिसेंबरच्या सुरुवातीलाच पोस्टात टाक.

— मावशी